एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी

लाइन गेली आणि वसमतच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमधले सहाही पडदे एकदम विझले. शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी कळवळलं, "अरे, एंटर तरी मारू द्यायचं!"

तो धम्मदीप. क्लासमध्ये शिकवायचा. मी शीतल, नुकतीच बी.एस्सी. होऊन तिथं शिकायला येणारी.

"काय करून राहिले होते?" मी विचारलं.

"रोजनिशी लिहून राहिलो होतो. प्रोग्राम मीच बनवलाय. 'रोज' टाइप करायचं, पुढं एक वाक्य, की एंटर. तारीख आपोआप पडते. 'दाखव' म्हटलं की सगळं समोर."

"रंग, चित्रं काहीच न्हाई?"

"रंग तुमी भरा ना..."

दुसऱ्याच दिवशी त्यानं प्रोग्रामची फ्लॉपी दिली. मी रोज एक वाक्य लिहू लागले. आधी तापमान, मग अंगणात वाळणारी हळद, मग— खडूनं पांढरी झालेली त्याची बोटं.

चार महिन्यांनी कळलं, त्याला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी निघणार! त्याआधी बोलायलाच हवं होतं. पण कारण? तेही सापडलं. माझ्या सगळ्या नोंदींवर एकच तारीख पडत होती: १ जानेवारी १९८०.

शनिवारी मी फ्लॉपी त्याच्यापुढं ठेवली. "तुमचा प्रोग्राम चुकतो."

"माझा? तुमी चार नंबरच्या मशीनवर बसता ना? तिची आतली बॅटरी गेलीय. मशीन बंद झाली की तिची तारीख पहिल्यापासून, बराबर ऐंशी सालात जाते. बघू—"

त्यानं 'दाखव' टाइप केलं. तारीख बघायची तर नोंदीही दिसणार, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

"थांबा!"

पण एंटर दाबून झालं होतं. ओळी भराभर उतरल्या. आज निळा शर्ट. आज माझ्याकडं बघून हसला. आज आला नाही, दिवस वाया.



"हा... कोण?" त्यानं हळूच विचारलं.

"नाव लिहायची सोय न्हाई तुमच्या प्रोग्राममध्ये."

"क्लासात निळा शर्ट तर मीच घालतो." तो पडद्याकडं बघत राहिला. "एवढं सगळं एकाच दिवशी झालं?"

"न्हाई. चार महिने लागले."

"मग बोलल्या काहून न्हाई?"

"तुमी काहून न्हाई बोलले?"

"भ्या वाटायचं. तुमी तर फळ्यावरच्या पण चुका काढता!"

दोघंही हसलो. मग तो एकदम गंभीर झाला. "सोमवारी जायचंय मला. उद्या... आईला तुमच्या घरी पाठवू?"



"अकरानंतर पाठवा," मी म्हणाले. "बाबा तोवर बुद्धविहारातून आलेले असतात."