खुंटीवरचा शर्ट

वाऱ्याने त्याची टोपी उडवली, ती थेट शिंपिणीच्या कातरीपाशी येऊन पडली आणि टोपीमागोमाग तोही दुकानात शिरला.

"थोडक्यात वाचली," ती म्हणाली. "अजून इंचभर पुढे आली असती, तर दोन टोप्या झाल्या असत्या."

"मग मी दुसरं डोकं शोधलं असतं." तो हसला. "आलोच आहे, तर एक शर्ट शिवाल?"

या शिंपिणीला सगळे धाकटी म्हणत, कारण दुकान तिच्या आत्याचं. धाकटीने माप घेतलं. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली... टेप गळ्याभोवती नेताना तिची बोटं उगाचच रेंगाळली, आणि ते दोघांनाही कळलं. रविवारी ट्रायल, शुक्रवारी शर्ट असं ठरलं.

तो गेल्यावर आत्याने ते आकडे वाचले आणि तिचा चेहरा उतरला. तिने तीस वर्षांपूर्वीची मापांची वही काढली. तेच आकडे, तोच अर्धा इंच. मग तिने आतल्या खुंटीवरच्या निळ्या शर्टाकडे बोट दाखवलं. गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत कपडा खुंटीवरून उतरवायचा नाही, हा या दुकानाचा रिवाज.

"हा त्याचाच," आत्या म्हणाली. "मलाही टोपीवरूनच हसवलं होतं मेल्याने. न्यायला मात्र आला नाही."

धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. तरीही ती रविवारची वाट बघत राहिली, याची तिला स्वतःलाच लाज वाटली.

"तुमचं वय काय हो?" ट्रायलच्या वेळी तिने विचारलं. "खोटं बोलू नका, टाचण्या माझ्या हातात आहेत."

"एकशे चार."

टाचणी निसटली आणि त्याच्या मनगटात रुतली. लाल थेंबाकडे तो कौतुकाने बघत राहिला.

"गुरुवारी हेही जाईल," तो म्हणाला. "दर महिन्याला माझी दुरुस्ती असते. माणसांच्या डॉक्टरांना म्हातारपणाचं कोडं सुटलं नाही, ते एका यंत्राने सोडवलं. त्याच्याकडे माझा बत्तिसाव्या वर्षीचा आराखडा आहे. त्याच्याशी जुळत नाही ते सगळं यंत्र पुसून टाकतं. सुरकुती, ओरखडा... छातीत नव्याने सुरू झालेली धडधडसुद्धा."

"म्हणजे शुक्रवारी मी तुम्हाला आठवणार नाही?"

"आठवाल की. फक्त... यावंसं वाटणार नाही."

"मग जाऊ नका."

"म्हातारा होईन."

"आमच्याकडे सगळेच होतात."

"आणि मरेन." त्याचा आवाज अगदी लहान झाला. जीव त्याचा होता. पण हा माणूस तिला हवा होता, भयंकर हवा होता.

शुक्रवार उलटला. आत्याने निळ्या शर्टाशेजारी दुसरी खुंटी ठोकली. धाकटीने इस्त्री केलेला शर्ट त्या खुंटीला अडकवला आणि डोळे पुसले.

शनिवारी सकाळी तो दारात उभा होता. तसाच गुळगुळीत, तसाच नीटनेटका. दुरुस्ती करूनच आला असणार, असं तिला वाटलं. त्याने मनगट पुढे केलं. टाचणीच्या जखमेवर खपली धरली होती. त्याच मनगटावरच्या, यंत्राशी जोडलेल्या पट्ट्यातून एक मायाळू आवाज म्हणाला, "तुम्ही बिघडत आहात. कृपया या."

"गुरुवारी आणि कालही दिवसभर यंत्राच्या दाराशी बसून होतो," तो म्हणाला. "आत गेलो नाही."

आत्याने निळा शर्ट उतरवून त्याच्या हातात ठेवला. "हा घेऊन जा. माझी खुंटी मोकळी होऊ दे." तो काही बोलायच्या आत ती मागच्या खोलीत निघून गेली.

त्याने तो शर्ट जपून घडी करून काखेत धरला. मग धाकटीला म्हणाला, "आणखी एक शिवायचाय. या वेळी शिवणीत जास्तीचं कापड सोडा. उसवून वाढवता येईल असं."

"किती सोडू?"

"चाळीस वर्षांना पुरेल एवढं."

"तुम्ही बिघडत आहात," पट्टा पुन्हा म्हणाला. धाकटीने टेप त्याच्या गळ्याभोवती नेली. या खेपेला बोटं रेंगाळली ती मुद्दाम.