कणगीतून आलेला ‘ओ’

सहा पेट्री डिश, हवेतली बुरशी पकडून वाढवायच्या बशा. पाच उघडायच्या, एक टेप लावून बंदच ठेवायची, तुलनेसाठी; तिच्यात काहीच उगवता कामा नये. हे आकडे माझ्या वहीत आजही आहेत. म्हणूनच सांगते, यातलं काहीही रचलेलं नाही.

१४ ऑक्टोबर २००३. दुपारचे तीन. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या अंगाला आमची वाडी.

मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करून मी महाडला घरी आले होते. मे महिन्यात वाडीतले माझे भागोजीकाका गेले. खोकताना रक्त पडायचं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात बुरशी. अ‍ॅस्परजिलस. ओलसर भातावर, पेंढ्यात, हवेत... सगळीकडे असते ती.

आमच्याकडे नवं भात भरण्याआधी घरच्या कर्त्याने कणगीत उतरून ती झाडायची. पुरुषभर उंच, शेणाने सारवलेली बांबूची कणगी. आत जीव कोंडतो. म्हणून बाहेरून एकाने हाक मारत राहायचं. आतून ‘ओ’ आला पाहिजे. आतला बाहेर येईपर्यंत हाक मारणाऱ्याने हलायचं नाही.

यंदा पाळी काकांच्या मुलाची, मुरारीची होती.

आणि तोही खोकायला लागला होता.

“आधी बुरशी मोजून दाखवते. मग उतरायचं का ते ठरव.”

“मोज गो ताई,” तो हसला. “कणगी काय पळून नाय जात.”

तो पाण्याला गेला. चार डिश मी घरात उघडल्या. पाचवी टोपलीत ठेवून दोरीने कणगीत सोडली. तळाला बोटभर हिरवट धूळ होती.

सातव्या मिनिटाला...

खर्र... खर्र...

आत कुणीतरी झाडत होतं.

मग खोकला. दोनदा.

“मुरारी! बाहेर ये आधी!”

मी कणगीला कान लावला.

“मुरारी?”

“...ओ.”

“काय गो ताई, वरडतेस कशाला?”

मुरारी माझ्या मागे अंगणात उभा होता. खांद्यावर हंडा.

मी टोपली ओढली. डिश झाकल्या, पिशवीत कोंबल्या. दारात मुरारीची आई, तुळसाकाकी उभी होती.

“हाक तू मारलीस?”

“हो.”

“मग थांब गो सई. ते अजून आत हायत.”

मी थांबले नाही.

एस.टी.त मागची सीट रिकामी होती. महाड येईपर्यंत तिथून दोनदा खोकला ऐकू आला.

सकाळी काकीचा फोन. “कणगी आतून झाडलेली हाय. मुरारी उतरलाच नाय. रातभर त्याला खोकला पण नाय.”

तेव्हापासून मी कुणाला हाक मारत नाही. आधी जाऊन बघते.

पाचव्या दिवशी अ‍ॅस्परजिलसच्या वसाहती, म्हणजे डिशमध्ये उगवलेले बुरशीचे ठिपके, मोजल्या.

घरातल्या चार डिश: ११, ९, १४, १२.

कणगीतली: ०.

टेप न काढलेली: ४१.