मास्तरांनी शिवलेलं कुंपण

झाडू मी भिरकावला सशावर. लागला टेलरमास्तरांना!

ते वहिनीचा कोट द्यायला मागच्या अंगणात शिरत होते, आणि ससा माझ्या कोबीचं पान तोंडात धरून त्यांच्या पायांमधून पसार झाला. मास्तरांनी कपाळ चोळलं, कोट मात्र चुरगळू दिला नाही.

"पोस्टात शिक्केही असेच मारता का?"

"तिथे माझा नेम चुकत नाही," मी म्हटलं. माफी मागायची सोडून! पण काय करू... माणूस हसत होता, आणि हसताना इतका छान दिसत होता की मी पुढचं बोलायचंच विसरले.

कुंपण घालायचं ठरलं. दादाला वेळ नव्हता. मास्तर म्हणाले, "मी घालतो." आता शिंप्याला जाळीतलं काय कळतं? पण त्यांनी गळ्यातली टेप काढून वाफ्यांची मापं घेतली, जाळी कापडासारखी बेतली, आणि रोज दुकान उघडण्याआधी येऊन बारीक तारेने ती खांबांना टाचू लागले. बाजारात मोठ्या पन्ह्याचीच जाळी मिळाली, म्हणून सशांसाठी खांद्याएवढं कुंपण! सशांनी उकरू नये म्हणून खालचा काठ मातीत दुमडायचा. माती ओढायचं काम माझं.

"थोडं सैल ठेवू?"

"कशाला? कोबी अंगाने भरणार आहे का?"

वहिनी खिडकीतून म्हणायची, "एवढ्या वेळात अख्ख्या गावाला कुंपण झालं असतं." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

शेवटच्या दिवशी मास्तरांचे टाके वाकडे पडत होते. आम्ही वाफ्यात बसून शेवटची बाजू टाचत होतो.

"मामांचं बोलावणं आलंय," ते एकदम म्हणाले. "शहरात मोठं दुकान आहे त्यांचं. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

"मग... कळवा की हो." जिभेला हाड नाही माझ्या!

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मला काय वाटायचंय?"

मी जाळी ताणून धरली. बोटाला बोट लागलं — दोघांनीही मागे घेतलं नाही. त्यांनी शेवटचा टाका घातला, तार तोडली. आम्ही उठलो. आणि... जायचं कुठून? चारी बाजूंनी जाळी, मध्ये कोबी आणि आम्ही दोघं. फाटकाची जागाच ठेवली नव्हती!

"अहो मास्तर, गळा न ठेवता सदरा शिवलात!"

त्यांचे कान लाल झाले. "असं कधी होत नाही हो. लक्षच नव्हतं..."

"मग कुठे होतं?"

त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. तिकडे वहिनीची हसून मुरकुंडी वळली होती. "पक्कड आणू का गं?"

"थांब जरा!" मी ओरडले. आणि मास्तरांकडे वळून एका दमात म्हणाले, "जाऊ नका. मला तुम्ही आवडता. खूप आवडता. आता हसलात तर बघा."

ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला.

"मामा, मी येत नाही... छे, तब्येत ठणठणीत आहे... हो. मुलगी आहे." माझ्याकडे बघत ते पुढे म्हणाले, "इथेच, कोबीत उभी आहे." मग फोन माझ्यापुढे धरला. "तुमच्याशी बोलायचं म्हणतायत."

"नमस्कार, मामा," मी म्हटलं. मास्तरांनी माझा मातीने माखलेला हात धरला, तो फोन ठेवल्यावरही सोडला नाही.