उपासाच्या घरातला काइमाक

देसांका आली ती लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढून. चोरी तिच्या घरी झाली होती, पण चोर तीच असावी असं वाटत होतं.

“दार लावून घ्या,” ती म्हणाली. “कुणी विचारलंच, तर मी पडदे शिवायला टाकायला आले होते.”

विदोसावा लुकिच, म्हणजे विदा, हिनं जन्मात कधी सुईत दोरा ओवला नव्हता. सर्बियातल्या क्राल्येवो गावी, बसस्थानकामागे तिची एका खोलीची खासगी तपाससंस्था होती. सोबतीला मिलोमिर, निवृत्त बसचालक. तो विदाची गाडी चालवायचा आणि कॉफी उकळायचा. गाडी झकास चालायची. डोकं मात्र कायम दुसऱ्या गिअरात.

“काय गेलं?” विदानं विचारलं.

“इंजेक्शनचं पेन.”

“कसलं?” मिलोमिरनं कॉफी ओतता ओतता विचारलं.

“वजनाचं,” ती पुटपुटली.

“कसलं म्हणालात?”

बिचारीला तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला. मान पार खाली गेली.

“डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलं होतंत ना?” विदा म्हणाली. “मग एवढं मेल्याहून मेल्यासारखं का?”

“माझा नवरा, रादोये. आख्ख्या मंडईत सांगत फिरतो, ‘माझी बायको बघा, नुसत्या मनाच्या बळावर उतरली! नाहीतर त्या टीव्हीवरच्या बाया. सुई टोचून बारीक होणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं.’ आता त्याला कोणत्या तोंडानं सांगू? डॉक्टरांनी दोन औषधं समजावून सांगितली होती, ताई. एक रोज टोचायचं, एक आठवड्यातून एकदा. ते गुणदोष सांगत होते आणि मी लपवायला कुठलं सोपं तेवढं बघत होते. रोजचं म्हणजे रोज खोटं बोलायचं. आठवड्याचं घेतलं. शुक्रवारी सासूबाई चर्चला गेल्या की टोचायचं.”

“ठेवत कुठे होतात?”

“फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात. काइमाकच्या रिकाम्या डब्यात.”

विदा पहिल्यांदाच हसली. काइमाक म्हणजे आमच्याकडची खारवलेली साय. गरम भाकरीवर थापली की माणूस देवाचं नाव विसरतो. पण ख्रिसमसआधीच्या उपासात दूध नाही, अंडं नाही, मांस नाही. देसांकाच्या घराचं दैवत संत निकोला, आणि त्याचा उत्सव, म्हणजे त्यांची स्लावा, नेमकी उपासातच येते. त्या दिवशी पाहुण्यांनाही मासाच.

“उपासात त्या डब्याला कोण हात लावणार, असा हिशोब!” विदा म्हणाली. “सुया? खोका? माहितीचा कागद?”

“सुया शिवणाच्या पेटीत आहेत, तशाच. खोका नि कागद आणले त्याच दिवशी चुलीत घातले. मागच्या शुक्रवारी, स्लावाच्या सकाळी, टोचून घेतलं आणि पेन परत ठेवलं. आज शुक्रवार, डबा उघडते तर रिकामा.”

“संशय?”

“माझी जाऊ, गोर्दाना. स्लावाला दिवसभर माझ्या फ्रिजशी तीच होती. सहा महिने माझ्या कमरेवर डोळा ठेवून आहे बया. तिच्या हाती लागलं असेल तर ख्रिसमसला सगळ्या गोतावळ्यापुढे मला ताटात वाढेल. ताई, तेवढं होऊ देऊ नका हो.”

“माझ्याकडून कुणाला कळणार नाही,” विदा म्हणाली.

गोर्दानाचं केस कापायचं दुकान होतं. विदा केस धुवायला बसली. मिलोमिरनं पाणी हवं म्हणून कोपऱ्यातला छोटा फ्रिज उघडला आणि आनंदानं ओरडलाच.

“विदाताई, सापडलं! पेन!”

गोर्दाना साबणाच्या हातांनी वळली. “ठेव ते खाली, रेड्या! माझं नाव चिकटवलंय त्यावर. वाचता येतं ना?”

नाव तिचंच होतं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, तरी ती दाराकडे बघून आली. मगच बोलली.

“मी रोजचं घेते. मला मळमळतं फार, म्हणून डॉक्टर म्हणाले रोजचं बरं. नाही सोसलं तर थांबवलं की लवकर उतरतं. आठवड्याचं तसं नाही. एकदा गेलं की मुक्काम ठोकतं. ते कुणी रोज टोचलं तर थेट दवाखान्यात, असं डोळे वटारून सांगितलंय मला. देसांकानं पाठवलंय ना तुम्हाला?”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“बाई, एक घास घेऊन ताटाशी खेळत बसणारीला दुसरी तसलीच ओळखते. स्लावाला दोघी समोरासमोर तेच करत होतो.”

“मग बोलला का नाहीत तिच्याशी?”

गोर्दानाचा तोरा उतरला. “काय बोलू? ती म्हणाली असती, तुला कसं कळलं. जन्मभर तिला टोमणे मारले मी. आता माझंच उघडं पाडून घेऊ?”

बाहेर आल्यावर मिलोमिर म्हणाला, “हिनंच घेतलंय. नक्की.”

“घरची विहीर असताना शेजाऱ्याची घागर कोण चोरतं? चल, देसांकाकडे. तू पडद्यांची मापं घे.”

दार सासूबाईंनी, म्हणजे स्तोयांका आजींनी उघडलं. काळा रुमाल, मूठभर देह, आणि जीभ मात्र कात्रीसारखी. देसांका मागे चुलीपाशी उभी होती. पडदेवाल्यांना बसवून त्यांनी लोणच्याची वाटी पुढे केली. “उपास आहे हो आमच्याकडे. या घरात ख्रिसमसपर्यंत दुधाचा थेंब नाही.”

“तब्येत बरी आहे ना, आजी?” विदानं विचारलं.

“साखर आहे. रोज संध्याकाळी इन्सुलिन. माझा रादोयेच टोचतो, नर्सपेक्षा हलका हात. पण हल्ली सुयाच पुरेनात! रोज एक लागते तर पाकिटातून दोन जातात. घरात सुया खाणारा उंदीर शिरलाय.”

मिलोमिर खो खो हसला. विदा हसली नाही.

इतक्यात रादोये आत आला. उंचापुरा, पोट सुटलेला, पण चेहरा पिठासारखा पांढरा. बसचालकाचा गणवेश अंगावर होता. मिलोमिर जुना सोबती म्हणून त्यानं राकियाचा, घरच्या कडक दारूचा, पेला भरला, पण स्वतः तिला शिवला नाही.

“घे की अर्धा घोट!” मिलोमिर म्हणाला.

“नको रे. ड्युटीये. शिवाय स्लावाचा मासा बाधलाय.”

“मासा संपून किती दिवस झाले!” आजी कडाडल्या. “मी खाल्ला, गोर्दानानं खाल्ला, त्या धाकट्या पाद्रीबाबांनी तीनदा घेतला. ते सगळे ठणठणीत, आणि तुलाच बरा चार दिवसांनी चावला?”

रादोयेनं हात झटकला आणि तोंडावर रुमाल धरून परसात गेला. तो काय करत होता ते आतपर्यंत ऐकू आलं.

विदा उठली. “देसांका, लिंबू आहे का?” म्हणत तिनंच फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात दोन सारखे डबे होते. एक रिकामा. दुसऱ्यात ख्रिसमससाठी ठेवलेला खरा काइमाक, निम्मा संपलेला. एका बाजूला चमच्याच्या पाठीनं लिंपून सारखा केलेला, दुसऱ्या बाजूला बारीक बोट फिरवल्याची रेघ. तिनं झाकण लावलं.

रादोये परत आला. भिंतीला धरत धरत त्यानं खुंटीवरच्या बसच्या किल्ल्या काढल्या. “निघतो. राश्काची फेरी आहे. गाडी भरलीये.”

“इबार नदीच्या खिंडीतून?” विदानं विचारलं.

“दुसरा रस्ता आहे का?”

“किल्ल्या टेबलावर ठेवा, रादोये. तुम्ही आज बस चालवायची नाही.”

विदा देसांकाकडे वळली. आवाज मऊ झाला होता. “तुमचं गुपित राखायचं मी कबूल केलं होतं. पण त्या बसमध्ये माणसं आहेत. तुम्ही सांगता की मी सांगू?”

देसांकानं टेबलाची कड घट्ट धरली. सासू बघत होती. नवरा बघत होता. “ते वजनाचं औषध,” ती म्हणाली, “माझं आहे. मनाचं बळ वगैरे काही नव्हतं. मी टोचत होते.”

रादोये मटकन खुर्चीत बसला. त्याला आश्चर्य मात्र वाटलं नव्हतं.

“याला ठाऊक आहे,” विदा म्हणाली. “पेन यानंच घेतलंय.”

“पण ताई, संशय तर गोर्दानावर...” मिलोमिर चाचरला.

“गोर्दानाकडे स्वतःचं औषध आहे, स्वतःच्या सुया आहेत. आणि ती इथे आली फक्त स्लावाला. हा काइमाक बघ. एका बैठकीत संपलेला नाही, थोडा थोडा उडालाय आणि वरून सारखा केलाय. म्हणजे उपास मोडणारं माणूस घरातलंच. त्या माणसानं एकदा चुकून शेजारचा डबा उघडला आणि आत पेन सापडलं. देसांकाच्या सुयांना हात लागलेला नाही, कारण त्या शिवणाच्या पेटीत आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. मग सुया कुठून आणल्या? आजींच्या पाकिटातून. आजींनी स्वतः घेतल्या असत्या तर उंदराच्या नावानं ओरडल्या नसत्या. राहिला आजींना रोज टोचणारा मुलगा. आणि पोट कुणाचं बिघडलं? ज्याला मासा चार दिवस उशिरा बाधला त्याचं.”

“घेतलं तर घेतलं,” मिलोमिर म्हणाला. “पण बस का नाही चालवायची?”

“अरे, रोज एक सुई जास्त जातेय! हे औषध आठवड्यातून एकदाचं आहे.”

देसांकाच्या तोंडून किंकाळीच निघाली.

रादोयेनं कोटाच्या खिशातून पेन काढलं. रिकामं. “आईला रोज टोचतो,” तो म्हणाला. “मला वाटलं, पेन म्हणजे रोजचंच. कागद शोधला. नव्हता.”

कागद चुलीत होता. देसांकाला ते आठवलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“मला विचारलं का नाहीस रे?” ती म्हणाली.

“काय विचारू? उपासात माझा हात काइमाकच्या डब्यात काय करत होता, ते आधी सांगावं लागलं असतं ना!”

मिलोमिरनं डेपोत फोन करून दुसरा चालक मागवला, आणि मग अशी गाडी हाणली की विदानंही खिडकीवरची पट्टी धरली.

दवाखान्यात रादोयेला सलाईन लागलं. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. अंगातलं सगळं पाणी गेलं होतं. खिंडीत चक्कर आली असती तर बस थेट नदीत.

“तू उतरत गेलीस,” डोळे मिटूनच रादोये म्हणाला. “मला अभिमान होता गं. म्हटलं, हिला मनाच्या बळावर जमतं तर मलाही जमेल. उपास धरला. दोन दिवसांत फ्रिजपाशी. वाटलं, आपण किती हलक्या दर्जाचा माणूस! हिच्या नखाची सर नाही आपल्याला. मग ते पेन सापडलं. राग नाही आला, देसांका. रडू आलं. बरं वाटून.”

देसांका त्याच्या उशाशी बसली. मंडईत तिची वाहवा झाली तेव्हा ती गप्प बसून हसली होती. त्या हसण्यानं आपल्याच माणसाला रोज खाली बघायला लावलं होतं, आणि त्याची तिला आता इतकी लाज वाटली की टोपीत तोंड लपवायचंही सुचेना.

त्याच्या पायाशी आजी बसल्या होत्या. बराच वेळ त्या रुमालाची गाठ सोडत नि बांधत राहिल्या.

“काइमाक सगळा याचा नाही,” त्या एकदम म्हणाल्या. “बोट माझं होतं.”

विदानं खिडकीबाहेर बघितलं. रादोयेनं डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि कण्हत कण्हत हसला.

इतक्यात दारात नर्स आली. मागे बाकं माणसांनी भरलेली. मंडईतली भाजीवाली, डेपोतले दोघे चालक, आणि धापा टाकत आत्ताच पोचलेली गोर्दाना.

“पेशंटनं कुठलं औषध घेतलंय? कुणाच्या नावावर होतं?”

“माझ्या,” देसांका म्हणाली. “वजनाचं.”

“कसलं? नीट ऐकू नाही आलं.”

देसांका उठून दारापाशी गेली.

“वजनाचं इंजेक्शन,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “आठवड्यातून एकदाचं. माझं आहे. लिहून घ्या.”