ट्रंकेतला टोप

टोप मावशींच्या ट्रंकेत सापडला, धुतलेल्या कपड्यांच्या घड्यांखाली.

"बघा," मेजर इन्स्पेक्टर बाईंसमोर गरजले. सैन्याचं तोंडही न पाहिलेला माणूस. जुने लष्करी पोलादी टोप जमवायच्या वेडापायी गल्लीनेच त्यांना मेजर केलं होतं. "घरचं माणूस समजलो, तर गळाच कापला. आजच्या आज खोली रिकामी करायला सांगा."

मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. मेजरांच्या आजारी बायकोचं सगळं त्यांनी केलं होतं. जाताना तिने नवऱ्याकडून शब्द घेतला होता: परसातली ही खोली मावशींची, मरेपर्यंत.

इन्स्पेक्टर बाईंनी टोप उलटा केला. आतलं चामडं मऊ पांढऱ्या कागदाच्या बोळ्यांनी भरलेलं. पोलादावर तेलाचा ताजा, पातळ हात.

त्या घरात गेल्या. जिन्यावर टोप, खुर्च्यांवर टोप, न्हाणीच्या फळीवरसुद्धा टोप. काचेच्या कपाटातले टोप मात्र आतून रिकामे. व्हरांड्यात दोरीने बांधलेली कोरी लोखंडी मांडणी. बाईंनी ती वितीने मोजली, मग त्या परसात जाऊन मावशींची भिंतही मोजून आल्या.

"कपाटाची किल्ली?"

"माझ्या गळ्यात. अंघोळीपुरती खुंटीवर. तेवढ्यात साधलं हिने."

"टोप मावशी पुसतात?"

"छे. काच पुसायची, तीही बाहेरून. टोपाला बोट लावू दिलं नाही कधी. निगा कशी राखायची ते फक्त मला ठाऊक."

बाईंनी मेजरांच्या टेबलाचा खण ओढला. तोच पांढरा कागद. शेजारी तेलाची बाटली.

"चोर घाईत असतो, मेजर. तो टोप कपड्यांत कोंबतो आणि सुटतो. या चोराला मात्र धास्ती, कपड्यांच्या भाराने चामडं चेपेल, ट्रंकेच्या ओलीने गंज चढेल. दुसऱ्याच्या माथी चोरी मारतानाही तुमच्या हाताला मायेची सवय सुटली नाही. टोपासाठी माया, माणसासाठी नाही."

"मी कशाला..."

"घरात आता जागा नाही. मांडणी आणलीत ती मावशींच्या भिंतीच्या मापाची, बोटभरही फरक नाही. मेलेल्या बायकोला दिलेला शब्द मोडायची लाज वाटली, म्हणून जिवंत बाईला चोर केलंत."

मेजरांचा चेहरा उतरला. पण तोंडून निघालं ते एवढंच, "पट्ट्याला धरून उचलू नका. तुटेल."

बाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. "हा आता पुरावा. खोटी तक्रार तुमच्या नावे, आणि टोप ठाण्याच्या गळक्या खोलीत. गंजू दे."

तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलल्या.

"बाईसाहेब, अधूनमधून तेलाचा हात लावत जा त्याला. त्या बिचाऱ्याने काय केलंय?"

मग त्या खोलीत गेल्या आणि विस्कटलेल्या घड्या पुन्हा घालू लागल्या.