परतदाब

विद्युत-परीक्षण प्रयोगशाळेत सकाळी अकरा वाजता चौकशीची शेवटची बैठक सुरू झाली आणि वृंदा केळुसकर यांनी हातातला अहवाल टेबलावर आपटला.

"यातलं नववं पान कोणी लिहिलं?"

नवव्या पानावर निष्कर्ष होता: 'मृत इक्बाल मुजावर यांनी धारित्रातील विद्युतभार काढून न टाकता त्यास स्पर्श केला. नोंदवहीतील शून्य दाबाची नोंद खोटी आहे.'

इक्बाल हा आंबोलीच्या हौशी रेडिओ केंद्राचा सदस्य. तिथली मंडळी चंद्राच्या पृष्ठभागावर रेडिओलहरी सोडत आणि तिथून परावर्तित झालेल्या लहरींतून जगभरच्या हौशी लोकांशी बोलत. त्यासाठी लागणारा तीन हजार व्होल्टचा दाब प्रक्षेपकाच्या धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठवलेला असे. तीन महिन्यांपूर्वी, प्रक्षेपक बंद असताना, त्याच धारित्राचा झटका बसून इक्बाल जागीच गेला. वृंदाबाई या केंद्राच्या प्रमुख. सारी नोकरी त्यांनी वीजकेंद्रात अभियंता म्हणून काढलेली.

खिडकीपाशी इक्बालची बायको रेहाना मांडीवर पर्स घेऊन बसली होती.

"इक्बाल खोटी नोंद करणारा माणूस नव्हता," वृंदाबाई म्हणाल्या. "डॉक्टर हुपरीकर, हे धारित्र तुमच्या कंपनीचं, तुम्ही स्वतः बनवलेलं. तीन हजारांपर्यंत भरा आणि तुमच्याच पुस्तिकेप्रमाणे रिकामं करा."

डॉ. हुपरीकरांनी खांदे उडवले. धारित्र भरलं, मग साठलेली वीज जमिनीत सोडणारी भूदांडी लावून पुरतं एक मिनिट धरली. दाबमापक शून्यावर आला. त्यांनी दांडी काढली.

"झालं रिकामं?"

"पूर्ण."

"मग आता चाळीस मिनिटं थांबायचं. तेवढा वेळ इक्बाल बाहेर अँटेनाची तार बघत होता."

"चाळीस मिनिटं?" चौकशी अधिकारी टिपणीस वैतागले.

"माणूस मेलाय, साहेब. बसा."

टिपणीस बसले. दहाव्या मिनिटाला दाबमापकाचा काटा हलू लागला. धारित्राला दाबमापकाखेरीज काहीच जोडलेलं नव्हतं. काटा दोनशेवर गेला, पाचशेवर गेला.

"हा कुठून आला दाब?" टिपणीसांनी विचारलं.

हुपरीकर नाइलाजाने बोलले. "धारित्राच्या दोन पत्र्यांमध्ये निरोधक पडदा असतो. दाबाखाली पडद्यातले रेणू वळून बसतात. दांडी लावली की पत्र्यांवरचा भार लगेच जातो, रेणू मात्र सावकाश पूर्ववत होतात. ते होता होता पत्र्यांवर पुन्हा भार उमटतो. याला परतदाब म्हणतात. सगळ्याच धारित्रांत थोडाफार असतो, दोन-पाच टक्के."

"आणि तुमच्या नव्या पडद्यात?"

चाळीस मिनिटं संपली तेव्हा काटा बाराशेवर होता.

"चाळीस टक्के!" वृंदाबाईंचा आवाज चढला. "पूर्वी धारित्राला कायमचा एक रोधक जोडलेला असायचा. असला परतदाब त्यातून झिरपून जायचा. तुम्ही पुस्तिकेत छापलंत, रोधक काढून टाका, वीज वाया जाते! तुम्हाला हा आकडा ठाऊक होता. होता की नाही?"

"चाचण्यांमध्ये... दिसला होता."

"आणि निष्काळजी कोण, तर इक्बाल!"

रेहाना उठून उभी राहिली होती. हुपरीकरांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्यांना एकदम काहीतरी सुचलं होतं.

"एक मिनिट. दांडी लावलेली असेल तोवर परतदाब साठूच शकत नाही. आला तसा जमिनीत जातो. मुजावर बाहेर गेले तेव्हा दांडी लावलेली होती?"

"होती. तो ती कधीच काढून जात नसे."

"मग मधल्या वेळात ती काढली कोणी?"

"मी," वृंदाबाई म्हणाल्या.

टिपणीसांनी लेखणी खाली ठेवली.

"दांडी लागलेली असताना चुकून कोणी प्रक्षेपक सुरू केला तर तो जळतो. म्हणून काम झाल्यावर दांडी काढून ठेवायची, हा नियम मीच केला होता. वहीत त्याने लिहिलेलं शून्य मी बघितलं, काम झालं असं समजले, दांडी काढली. त्याच शून्यावर विसंबून त्याने परत येऊन हात घातला. दांडी मागच्या अंगाला लावायची, समोरून दिसायची नाही. गेल्या मंगळवारी मी हा प्रयोग घरी केला. काटा चढताना बघितला तेव्हा मला कळलं."

टिपणीस खाकरले. "बाई, हे कागदावर यायलाच हवं असं नाही. अहवाल आहे तसा राहिला तर आता कोणाचंच..."

"कोणाचंच काय? तो मेलाय, त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलायचं? आज देशात अशी चार हजार धारित्रं आहेत. प्रत्येकापाशी कुणीतरी काटा शून्यावर बघून हात घालणार आहे. लिहा, साहेब! कंपनीने आकडा लपवला आणि दांडी केळुसकरने काढली. दोन्ही लिहा."

रेहाना टेबलापाशी आली. वृंदाबाईंनी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"मंगळवारी कळलं," ती म्हणाली. "बुधवारी तुम्ही माझ्या घरी आलात. चहा घेतलात."

"सांगायला आले होते. तोंड उघडलं नाही माझं."

रेहानाने अहवाल ओढून घेतला, नववं पान काढलं आणि टिपणीसांपुढे सरकवलं.

"आधी त्यांचं नाव खोडा," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत. मग ह्या बाईंचं लिहा."