रविवारचा सगळा जोर

रविवार होता, म्हणून मी ट्रान्सफर टास्कला होते नव्हते ते सगळे रिसोर्स देऊन टाकले. सुट्टीच्या दिवशी जुन्या सर्व्हरला कोण हात लावणार? नाशिकहून रियाधला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. इथे रविवारी आठवडा सुरू होतो हे कळलं होतं, पण अंगवळणी पडलं नव्हतं!

एका हॉस्पिटलचा डेटाबेस क्लाउडवर हलवायचं काम होतं. टास्क भराभर डेटा ओढायला लागली, जुना सर्व्हर धापा टाकायला लागला आणि ओपीडीच्या खिडक्यांसमोर रांगा तुंबल्या. मी कॉफी मशीनपाशी उभी होते. तेवढ्यात शेजारी एक उंच मुलगा चक्क मराठीत पुटपुटला, "कोणत्या शहाण्याने आज एवढा जोर लावलाय?"

"शहाणीने," मी म्हटलं.

त्याच्या हातातला कप कलंडता कलंडता वाचला. "सॉरी... मी यतीन. जुना सर्व्हर मी बघतो. तुमच्या टास्कचे रिसोर्स निम्मे केले तर चालेल?"

"करा की. विचारताय काय?"

"टास्क तुमची आहे ना."

बस्स, तिथेच फसले म्हणा ना!

मग रोजचं ठरूनच गेलं. ओपीडीत गर्दी झाली की टास्कचा जोर कमी करायचा. दुपारच्या नमाजाला खिडक्या थांबल्या की वाढवायचा आणि तेवढ्या वेळात दोघांनी वेलचीचा कडक चहा प्यायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. मला मात्र सारखे प्रश्न पडायचे. हा माझ्याकडे बघतो, मग मी बघितलं की खिडकीबाहेर काय शोधतो? बाहेर तर नुसती धूळ!

काम संपायचं होतं गुरुवारी आणि शुक्रवारी माझं परतीचं विमान. तो काही बोलेल या आशेवर मी दिवस ढकलत होते. आणि त्या शेवटच्या रविवारी सकाळी बघते तर काय — शनिवारच्या सुट्टीत यतीनने मला न विचारता टास्कचे रिसोर्स दुप्पट केलेले! काम त्याच दिवशी संपणार होतं.

मला रडूच आलं. तशीच त्याच्या टेबलापाशी गेले.

"मला घालवायची एवढी घाई?"

"घाई आहे..."

"तौकीरसाहेब मागे लागलेत?"

आमचे मॅनेजर बिचारे सुट्टीवर होते. यतीनने नकारार्थी मान हलवली.

"काम गुरुवारी संपलं असतं तर तू बॅग भरून निघून गेली असतीस. आज संपलं, तर मधले दिवस मोकळे. मला वाटलं... जरा फिरू, बोलू... मग विचारेन."

"काय विचारशील?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"आवडतेस तू मला, ज्ञानदा," तो म्हणाला. "काम लांबवून तुला अडकवणं काही बरोबर नव्हतं. थांबशील? इथे, नाशिकला... कुठेही. माझ्याबरोबर."

"आणि मला न विचारता टास्कला हात का लावलास?"

"विचारलं असतं, तर नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! मला ते काम संपायलाच नको होतं, वेड्या."

तो बघतच राहिला. या वेळी सरळ माझ्याकडे.

"तिकीट मी बदलते," मी म्हटलं, "पण माझ्या आईला फोन तू करायचास."